मोठ्या आरसी (रेडिओ कंट्रोल) विमानांसाठी छोटा ट्रेलर: नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी मैदानावर मागचं दार उघडलं की लोक विमानाआधी ट्रेलर बघतात, आणि मग आठवडाभर फोनवर तेच ते प्रश्न येतात. उत्तरं देऊन देऊन पाठ झाली, म्हणून ती इथे लिहून ठेवतोय. मी आजवर दोन ट्रेलर बनवून घेतले. पहिला चुकला, दुसरा चालतोय. खाली जे आहे त्यातलं बरंचसं पहिल्याने शिकवलेलं आहे.

१. एकच मोठं विमान आहे. मला ट्रेलर खरंच लागेल का?

बहुधा नाही. मोठ्या विमानाचे पंख दोन तुकड्यांत असतात, मधून त्यांना जोडणारी नळी, म्हणजे विंग ट्यूब जाते, दोन बोल्ट सोडले की पंख हातात. पाव मापाची पायपर कब घ्या. खऱ्या जे-३ कबचा विंगस्पॅन (पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी) १०.७४ मीटर, म्हणजे मॉडेलचा जवळजवळ २.७ मीटर. ऐकायला अवाढव्य वाटतं. पण पंख काढले की उरतं १.७ मीटरचं फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, आणि मागची सीट काढलेल्या ईकोत किंवा सीटा पाडलेल्या इनोव्हात ते आरामात जातं. वर्षातून दोन-तीनदाच लांब न्यायचं असेल तर छोटा हत्ती भाड्याने घ्या, हौद्यात जुनी गादी अंथरा आणि वरून ताडपत्री घट्ट बांधा.

ट्रेलरचा विचार करायचा तो दोन-तीन मोठी विमानं सोबत न्यायची असतील किंवा फ्यूजलाजच दोन मीटरच्या पुढे गेलं असेल तर. तिसरंही एक कारण आहे, जे कोणी उघडपणे सांगत नाही: सकाळी वारा उठायच्या आत उडवायचं असतं आणि तासभर जोडाजोडीतच जातो.

२. विमान २.७ मीटरचं आहे, म्हणजे ट्रेलर तीन मीटर रुंद लागेल का?

हा प्रश्न मला सर्वात जास्त येतो. विंगस्पॅन विसरा. सगळं सुटं केल्यावर जो सर्वात लांब तुकडा उरतो त्यावरून ट्रेलर ठरतो, आणि तो तुकडा बहुतेक वेळा फ्यूजलाज असतो.

१०० सीसी इंजिनाचं ॲरोबॅटिक (कसरती करणारं) विमान असेल तर विंगस्पॅन २.६ ते २.७ मीटर, फ्यूजलाज अडीच मीटरच्या आसपास आणि वजन १२-१३ किलो. ५० सीसीचं असेल तर विंगस्पॅन साधारण २.२ मीटर आणि वजन आठेक किलो. कागदावरच्या आकड्यांवर जाऊ नका, टेप घेऊन स्वतः मोजा. स्पिनरच्या (पंख्यापुढच्या टोपीच्या) टोकापासून रडरच्या (शेपटावरच्या उभ्या हलत्या पट्टीच्या) मागच्या कडेपर्यंतची लांबी घ्या, विमान चाकांवर उभं असताना जमिनीपासून फिनच्या (शेपटावरच्या उभ्या पंखाच्या) टोकापर्यंतची उंची घ्या, आणि स्टॅब (शेपटाचा आडवा पंख) न काढता न्यायचा असेल तर त्याची रुंदीही. लांबीत ३० सेंटीमीटर मिळवा, म्हणजे पुढे-मागे हात घालायला जागा राहते. १०० सीसीसाठी आतली लांबी दहा फूट, रुंदी पाच फूट हे माप मला जमलं.

पाच फुटांत दोन फ्यूजलाज कशी बसवायची, हेही लगेच विचारतात. एकाचं नाक पुढे, दुसऱ्याचं मागे. शेपटाकडची बारीक बाजू दुसऱ्याच्या पंखाजवळच्या जाड भागाशेजारी येते आणि दोन्ही मावतात. इंजिनाचं अडीच-तीन किलो वजन मागे गेल्याने ट्रेलरला फरक पडत नाही. जनरेटर मागे ठेवला तर पडतो (प्रश्न ९ पाहा).

दाराच्या चौकटीचं मापही घ्या. आतली उंची पाच फूट असून काय उपयोग, चौकटीचा वरचा पाइप सहा इंच खाली आला तर फिन तिथेच अडते.

३. उघडा ट्रेलर स्वस्त पडतो. तो चालणार नाही का?

ताडपत्रीखाली चालेल, पण वारा ताडपत्री फडफडवतो आणि तिची घडी कव्हरिंग फिल्मवर (विमानावर ताणून चिकटवलेल्या पातळ प्लास्टिकवर) घासत राहते. धूळ तर सर्व्होच्या (विमानाच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या) गिअरपर्यंत जाते. बंदच घ्या.

४. माझी गाडी ट्रेलर ओढेल का?

आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर मेकॅनिक काहीही म्हणो, विषय तिथेच संपला. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार यांच्यासारख्या स्वतंत्र चासीच्या गाड्यांना हूक पकडायला खाली भक्कम जागा असते. पण जागा आहे म्हणजे कंपनीची परवानगी आहे असं समजू नका.

विमानं हलकी असतात, ट्रेलर जड असतो. दोन विमानं मिळून पंचवीस-सव्वीस किलो. पण एमएस (साध्या पोलादी) पाइपची चासी, पत्र्याची बॉडी, एक्सल आणि चाकं मिळून साडेतीनशे ते साडेचारशे किलो सहज होतात. टेबल, छत्री, जनरेटर, स्टार्टर बॅटरी, पाण्याचा जार आणि हत्यारांची पेटी यांचे वर शंभरेक किलो धरा. मॅन्युअलमधल्या आकड्याशी ही पूर्ण बेरीज ताडून बघायची. शक्य असेल तर भिंतींना जाड पत्रा न घेता एसीपी शीट (दोन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली हलकी शीट) आणि खाली प्लायवूड वापरा.

५. आरटीओचं काय? ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तर बिनधास्त फिरतात.

ट्रॉल्यांचं उदाहरण देऊन चौकात सुटका होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कलम २(२८)ची ‘मोटार वाहन’ ही व्याख्या ट्रेलरलाही पोटात घेते, आणि कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे तुमच्या ट्रेलरला स्वतःची नोंदणी, स्वतःचा एमएच-१५ नंबर आणि स्वतःचं आरसी पुस्तक (नोंदणी प्रमाणपत्र) लागतं. गाडीचा नंबर मागे रंगवून भागत नाही.

खरी गोम पुढे आहे. नोंदणीसाठी वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला असावा लागतो. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था. एका माणसाने एका ट्रेलरसाठी हे सगळं करणं खर्चाचं आणि वेळखाऊ आहे. म्हणून अंबड किंवा सातपूरच्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडे पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न पाइपच्या गेजचा (जाडीचा) नको. पहिला प्रश्न हा: “तुमच्या या मॉडेलचं ॲप्रूव्हल आहे का, आणि याआधीच्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या ट्रेलरचं पासिंग झालेली आरसी दाखवता का?” त्यावर “ते बघू नंतर, होऊन जाईल” असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. मी निघालो नव्हतो. माझा पहिला ट्रेलर रंगवून तयार झाल्यावर चार महिने अंगणात उभा होता, आणि आमच्या आईने त्यावर पापड वाळवले.

ऑर्डर देण्याआधी एकदा पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयातही कागद दाखवून विचारून घ्या. अर्धा दिवस जाईल, पण पापड वाचतील.

६. हूक कुठून बसवू? बाजारात बंपरला लागणारे मिळतात.

बंपरला लावलेला हूक बंपर घेऊन जातो. तो चासीला किंवा कंपनीने ठरवून दिलेल्या जागीच बोल्टने बसला पाहिजे. गाडीच्या मूळ रचनेत बदल हा त्याच कायद्याच्या कलम ५२ चा विषय आहे, त्यामुळे कंपनीचा मान्य केलेला हूक असेल तर तोच घ्या, आणि त्याची नोंद करावी लागेल का हे आरटीओत लेखी विचारा. वॉरंटीचं सर्व्हिस सेंटरकडून आधीच कळवून घेतलेलं बरं.

हुकावरच्या गोळ्याच्या, म्हणजे बॉलच्या मापात लोक फसतात. एक बॉल ५० मिलिमीटरचा, दुसरा २ इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. २ इंची कपलर (ट्रेलरच्या दांड्याचं बॉलवर बसणारं तोंड) ५० च्या बॉलवर बसतो, पण ढिला राहतो, आणि मोठ्या गतिरोधकावर उडून सुटू शकतो. दोन्हीवर माप कोरलेलं असतं, ते वाचून जुळवा. सेफ्टी चेन दोन हव्यात आणि कपलरच्या खाली एकमेकींना छेद देऊन लावायच्या. कपलर सुटलाच तर त्याचा दांडा रस्त्यात घुसत नाही, साखळ्यांच्या झोळीत पडतो.

७. फॅब्रिकेटर म्हणतो, दोन पाटे (लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या) जास्त टाकतो, दणकट होईल. ऐकू का?

नका ऐकू. माझ्या मते ट्रेलरच्या निवडीत सर्वात महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि सर्वात कमी लोक विचारतात.

पहिल्या ट्रेलरला मी टनभर माल पेलणारे पाटे घातले. वर वजन होतं सगळं मिळून पाचशे किलो. पहिल्याच महिन्यात दिंडोरी रोडवरून घरी आलो आणि विमान बाहेर काढलं, तर काऊलच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) चार स्क्रूंपैकी दोन फरशीवर पडलेले. फ्यूजलाज कानाशी धरून हलवलं तर आतून खुळखुळ आवाज. शेपटाकडच्या फॉर्मरचा (धडाच्या आतल्या आडव्या चौकटीचा) डिंक सुटून त्याची एक चीप आत फिरत होती. त्या दिवशी विमान उडवलंच नव्हतं, वाऱ्यामुळे परत आणलं होतं. म्हणजे मोडतोड पूर्णपणे रस्त्याची.

कारण साधं आहे. पाटा वजनाखाली दबला तरच तो धक्का खातो. दबतच नसेल तर तो नुसता लोखंडी ठोकळा असतो आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका जसाच्या तसा वर पाठवतो. कांद्याच्या गोण्यांना त्याने काही होत नाही, विमानाच्या हलक्या, ठिसूळ बाल्सा लाकडाला होतं. त्यामुळे एक्सल आणि पाटे तुमच्या खऱ्या वजनाला जुळणारे घ्या, थोडीच सूट ठेवून. पाटे कमी पण लांब, सोबत शॉक ॲब्सॉर्बर. पाट्यांऐवजी रबराने धक्का खाणारा रबर टॉर्शन एक्सल मिळाला तर त्याहून चांगलं. टायरवर छापलेलं प्रेशर हे त्याच्या जास्तीत जास्त वजनासाठी असतं. हलक्या ट्रेलरला तेवढी हवा भरली की तो चेंडूसारखा उडतो, तेव्हा टायरच्या वजनाच्या तक्त्याप्रमाणे हवा कमी करा.

चाकं शक्यतो तुमच्या गाडीच्याच मापाची आणि त्याच बोल्ट-सर्कलची (बोल्टच्या छिद्रांच्या मांडणीची) घ्या. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, शिवाय एकच स्टेपनी दोघांना चालते.

ट्रेलर ताब्यात घेण्याआधी मी आता तांब्याची परीक्षा घेतो. फरशीच्या मधोमध ओल्या फडक्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या ठेवायचा, नेहमीचं सामान भरायचं आणि दहा किलोमीटर नेहमीच्या वेगाने फिरवून आणायचं. पहिल्या ट्रेलरमध्ये तांब्याच आडवा झाला होता. दुसऱ्यात अर्ध्याहून जास्त पाणी शिल्लक राहिलं.

८. आत विमानं बांधायची कशी?

फ्यूजलाजचं वजन पाळण्यासारख्या दोन आधारांवर घ्या: एक विंग ट्यूबच्या आसपास, दुसरा शेपटाच्या थोडा पुढे. प्लायवूडचे आकार कापून त्यावर मऊ फोम आणि वरून जाजम चिकटवलं की झालं. नुसत्या चाकांवर उभं ठेवून पट्टे आवळले तर लँडिंग गिअर (चाकांचे पाय) रस्ताभर स्प्रिंगसारखं हलतं आणि त्याची बैठक फाटते. चाकांना अडण्या लावा, पण भार पाळण्यावरच राहू द्या.

पट्टा रुंद घ्या. बंजीचा (लवचीक दोरीचा) हूक फिल्मवर कधीच नको. पंख कापडी पिशव्यांमध्ये, भिंतीलगतच्या कप्प्यात उभे, पुढची गोल कड खाली. रडर आणि एलिव्हेटरला (शेपटावरच्या आडव्या हलत्या पट्टीला) दोन आइस्क्रीमच्या काड्या आणि कपड्याचा चिमटा लावून जागीच पकडा, नाहीतर हेलकाव्यांनी सर्व्होचे दात जातात. चिमट्याला लाल रिबन बांधा. का, ते एकदा चिमट्यासकट टेक-ऑफ केल्यावर कळतं.

९. ट्रेलर मागे डोलतो. वेग वाढला की जास्तच.

मागे वजन जास्त आहे. बॉलवर एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार आला पाहिजे. पाचशे किलोच्या ट्रेलरला पन्नास ते पंच्याहत्तर किलो. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो: सपाट जागी, भरलेल्या ट्रेलरचा कपलर बॉलच्याच उंचीवर लाकडी ठोकळ्याने काट्यावर टेकवा आणि वाचा. गाडीच्या हुकाला किती उभा भार चालतो ते मॅन्युअलमध्ये पाहायला विसरू नका. भार कमी भरला तर जड सामान एक्सलच्या किंचित पुढे सरकवा.

चालत्या गाडीत डोलू लागला तर जोरात ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगने सावरायलाही जाऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या.

१०. एप्रिल-मेमध्ये ट्रेलर उन्हात उभा राहिला तर काय होतं?

फिल्म सैल पडून सुरकुततं, आणि घरी लावलेला साधा इपॉक्सी डिंक ५०-६० अंशांना मऊ पडू लागतो. नाशिकला पारा चाळिशीला टेकला की बंद पत्र्याच्या पेटीत आत साठ अंशांची मजल सहज गाठली जाते. छत पांढरं रंगवा, छताच्या आतून थर्मोकोल किंवा पीयू फोम लावा, आणि छताजवळ एक व खाली एक अशा जाळीच्या खिडक्या ठेवा, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. मैदानावर पोहोचताच दार उघडं ठेवा. फिल्म सुरकुतलंच तर इस्त्रीने ताणता येतं. पीळ पडलेला पंख मात्र तसा सहजी सरळ होत नाही.

११. आणि पावसाळ्यात?

दाराला रबर बीडिंग, छताच्या जोडांना सीलंट, आणि तळाशी उंदरांसाठी बारीक जाळी. उंदराला फोम आवडतो आणि सर्व्होच्या वायरी त्याहून आवडतात. लांब मुक्काम असेल तर एक्सलखाली ठोकळे लावून टायर मोकळे करा, आणि विमानं घरात न्या. बाल्सा दमट हवेत पीळ धरतो.

१२. पेट्रोलचा कॅन आणि लायपो बॅटऱ्या एकाच पेटीत चालतात का?

अजिबात नाही. लायपो गाडीत आपल्यासोबत, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून, जुन्या दारूगोळ्याच्या डब्यासारख्या धातूच्या पण हवाबंद नसलेल्या डब्यात. उन्हातल्या ट्रेलरमध्ये त्या कधीच नकोत (प्रश्न १०). पेट्रोलचा कॅन ट्रेलरमध्ये, उभा, बांधलेला, खालच्या जाळीजवळ, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते. विमानाची टाकी निघण्याआधी रिकामी करा. टर्बाइनवाल्यांनी (जेट इंजिनाची विमानं उडवणाऱ्यांनी) केरोसीनलाही हेच लागू धरावं.

१३. मुंबईकडे जायचं असेल तर कसारा घाटाने नेऊ का?

आता गरज उरलेली नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि बोगद्यातून घाट टळतो. कसाऱ्यानेच उतरायचं असेल तर उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. पण शहरातच जास्त जपा. सिंहस्थाच्या तयारीमुळे कुठला रस्ता कधी खोदलेला असेल याचा भरवसा नाही, आणि ट्रेलर मागे असताना द्वारका चौकात गाडी मागे घ्यायची वेळ शत्रूवरही येऊ नये. आदल्या रात्री रस्ता बघून या.

१४. माझ्या ग्लायडरच्या पंखाचा एकेक तुकडाच अडीच मीटरचा आहे. प्रश्न २ चा नियम लागू होतो का?

नियम तोच, तुकडा बदलला. इथे सर्वात लांब वस्तू पंख आहे आणि तो बारीक आहे, म्हणून ट्रेलर लांब, अरुंद आणि बुटका चालतो. लांबी थोडक्यात कमी पडत असेल तर तुकडा छताखाली तिरका टांगता येतो. पाच फूट रुंदीच्या पेटीत कर्ण लांबीपेक्षा बराच मोठा असतो. वॉरबर्डचा (युद्धविमानाच्या मॉडेलचा) मधला पंख फ्यूजलाजला कायम जोडलेला असेल तर हे उलटं होतं: रुंदी आधी मोजा.

१५. दादा, तुमचा ट्रेलर एक रविवार माझ्या गाडीला लावून नेऊ का? किंवा जुना विकत घेऊ का?

उसना नेताना अडचण विम्याची आहे. गाडीच्या पॉलिसीत ट्रेलर आपोआप येतो असं गृहीत धरू नका, तुमच्या कंपनीकडून लेखी घ्या. आत ठेवलेल्या विमानांचा विमा हा आणखी वेगळा विषय.

जुना घेताना आरसीवरचा चासी नंबर स्वतः खडू फिरवून जुळवा. मग एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा: घरघर आली तर बेअरिंग गेलं आहे, वर-खाली हललं तर ते ढिलं झालंय. दिव्यांसाठी सातही पिना एकेक करून तपासा. डावीकडचं इंडिकेटर दिलं की ब्रेकचा दिवा लुकलुकत असेल तर अर्थिंग कच्चं आहे.

१६. ट्रेलर झाला, विमान पोहोचलं. मग कुठेही उडवू शकतो ना?

नाशिकमध्ये तर नाहीच. ओझरला विमानतळ आणि एचएएलचा विमान कारखाना, गांधीनगरला लष्कराचं हवाई प्रशिक्षण, देवळालीला तोफखाना. ड्रोन नियम, २०२१ नुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनच परवानगी लागते, आणि लष्करी जागांचे निर्बंध वेगळे. मॉडेल विमानाची व्याख्या २५ किलोपर्यंत, नजरेच्या टप्प्यात आणि छंद-शिक्षणासाठी अशी आहे. मैदान ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई हद्दीचा नकाशा उघडा. ट्रेलरची लांबीसुद्धा मैदान पक्कं झाल्यावरच ठरवा, कारण शेवटच्या पायवाटेचं वळण बारा फुटी पेटीला झेपलं पाहिजे.

१७. सोसायटी ट्रेलर उभा करू देत नाही. काय करू?

सोसायटीची बाजूही खोटी नाही, एका गाडीच्या जागेत तो मावत नाही. काही ट्रेलरचा पुढचा दांडा पिन काढून आत सरकतो, ऑर्डर देताना तसा सांगा, तीन-चार फूट वाचतात. नाहीतर गावाबाहेर ओळखीच्या शेतकऱ्याकडे जागा बघा. माझा ट्रेलर सध्या एका मित्राच्या रिकाम्या कांदा चाळीत असतो. दोन्ही बाजूंनी फटी, वरून छप्पर, सावली आणि खेळती हवा, भाडं म्हणून त्याच्या मुलाला दर महिन्याला एक उड्डाण. मार्च संपत आला की उन्हाळ कांदा येतो आणि मला जागा रिकामी करून द्यावी लागते.